रुगर मार्क ४ टार्गेट : दीड वर्ष वापरल्यावर काय वाटतंय

दीड वर्ष झालं हे पिस्तूल घेऊन. किती गोळ्या झाडल्या त्याचा हिशोब मी वहीत ठेवते, सहा हजारांच्या वर गेल्यात, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. नवीन वस्तू आली की पहिल्या आठवड्यात सगळंच छान वाटतं, खरं काय ते वर्षभराने कळतं.

आधीच सांगते, हे निव्वळ टार्गेटचं पिस्तूल आहे. साडेपाच इंचाची जाड नळी, किलोच्या आसपास वजन, लांबलचक. कमरेला लावून फिरायला किंवा स्वसंरक्षणाला काहीतरी शोधत असाल तर हे तुमच्यासाठी नाही. कागदावर नेम धरून शांतपणे भोकं पाडायची, आज कालच्यापेक्षा जवळजवळ पडली का बघायचं, एवढ्यासाठीच हे बनलंय आणि मला तेवढंच हवं होतं. तुम्ही राहता तिथला लायसन्सचा कायदा काय ते तुमचं तुम्ही बघा, ते सगळं रीतसर झाल्यावरचं मी बोलतेय.

काडतूस पॉइंट २२ लाँग रायफल. हे १८८७ पासून चालत आलंय आणि अजून नवशिक्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण झटका जवळजवळ नाहीच, त्यामुळे हाताला वाईट सवय लागत नाही आणि दीडशे गोळ्या मारल्या तरी मनगट ठणकत नाही. मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड गोळीचं, पिस्तूल पहिल्याच दिवशी हातात देणारे लोक मी पाहिलेत, "बघ कसा दणका असतो" म्हणून. तो माणूस परत रेंजवर येत नाही, आणि आला तरी प्रत्येक गोळीला डोळे मिटतो.

पण छोटी गोळी म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये. डब्यांवर बघा, रेंज दीड मैल असं छापलेलं असतं, म्हणजे जवळपास २.४ किलोमीटर. चाळीस ग्रेनचा शिशाचा तुकडा, वजनाला २.६ ग्रॅम फक्त, आणि तो तेवढा लांब जाऊ शकतो. टार्गेटच्या मागे काय आहे ते बघा असं जे सांगतात ते यासाठी. बाटल्या, दगड, तळ्याचं पाणी यांच्यावर कोणी "मजा म्हणून" मारायला बोलावलं तर मी सरळ घरी निघते. दगडावरून आणि पाण्यावरून गोळी उसळून कुठेही जाते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हेच मॉडेल घेतलं. रुगर या अमेरिकन कंपनीची ही पिस्तुलं १९४९ पासून आहेत. पहिलं आलं ते 'स्टँडर्ड', दिसायला जपानी नांबू पिस्तुलासारखं, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीचा संस्थापक बिल रुगरने एक नांबू मिळवून त्याच्यावर अभ्यास केला होता. मग मार्क १, १९८२ ला मार्क २, मग मार्क ३. सगळी अचूक, सगळी टिकाऊ, आणि सगळी खोलायला आणि विशेषतः परत जोडायला डोकं खाणारी, हे जगजाहीर आहे. मी शिकले ते याच घराण्यातल्या एका जुन्या पिस्तुलावर. साफ करायला खोलायचं तर आधी ट्रिगर दाबून आतला घोडा (पिनवर आपटणारा हॅमर) पाडायचा, मग मागची कळ उचकटायची, परत जोडताना पिस्तूल अमुक कोनात धरायचं, परत ट्रिगर, परत हलवायचं, तो घोडा आतमध्ये बरोबर जागी पडला तर ठीक नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

आता विचार करा. साफ करायला बसलोय, मन दुसरीकडे आहे, आणि ट्रिगर दाबणं हा त्या कामाचाच भाग आहे! "साफ करताना गोळी सुटली" अशा बातम्या आपण वाचतो ना, त्यातल्या काहींमागे हेच असतं, की चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) गोळी राहिलेली आणि माणसाने खोलण्यासाठी म्हणून ट्रिगर दाबला. आजही बऱ्याच नावाजलेल्या पिस्तुलांत खोलण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो. त्यात चूक काही नाही, आधी नीट तपासलं तर काही होत नाही, पण तो "तर" माणसावर सोडलेला आहे.

२०१६ ला मार्क ४ आलं त्यात हे सगळं गेलं. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबर बघायचं, बोटाने चाचपायचं, बोल्ट पुढे सोडायचा, सेफ्टी लावायची, आणि मागच्या बाजूला एक बटण आहे ते दाबायचं. वरचा भाग पुढून वाकतो आणि सुटून हातात येतो. बोल्ट मागून घसरून बाहेर. संपलं. सेफ्टी लावल्याशिवाय बटण दबतच नाही आणि ट्रिगरला बोट लावायची गरजच पडत नाही. जोडताना उलट क्रमाने, अर्ध्या मिनिटाचं काम. मी दर दोन-तीनशे गोळ्यांनी साफ करते, आधीच्या पिस्तुलाला महिनोन्महिने चालढकल व्हायची. आणि बोल्ट निघाल्यावर नळी मागून पुढे साफ करता येते. पुढून रॉड घातला की नळीचं तोंड घासलं जातं, आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो, तिथे वाकडंतिकडं झालं की नेम गेलाच समजा.

याच मॉडेलबद्दल एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर नक्कीच. जून २०१७ ला कंपनीने स्वतः जाहीर करून मार्क ४ परत बोलावली होती. १ जून २०१७ च्या आधी बनलेल्या पिस्तुलांत सेफ्टीचा खटका सेफ आणि फायरच्या बरोबर मधे अडकलेला असताना ट्रिगर दाबला तर तेव्हा काही नाही, पण नंतर खटका फायरवर सरकवला की गोळी सुटू शकते, असा तो दोष होता. ४०१ किंवा डब्ल्यूबीआर ने सुरू होणारे नंबर त्यात येतात. तेव्हा दुरुस्ती फुकट करून देत होते. माझं नंतरचं आहे, पण कोणाकडून जुनं घेत असाल तर आधी नंबर बघा, दुरुस्ती झाल्याची खात्री करून घ्या आणि मगच पुढे बोला. कंपनीने गपचूप दाबून न ठेवता सगळ्यांना सांगितलं हे मला पटलं. आणि त्यातून मी स्वतः एक धडा घेतला, खटका लावला की तो पूर्ण लागलाय का हे अंगठ्याने दाबून बघते, प्रत्येक वेळी.

आता मला न आवडलेली गोष्ट, म्हणजे मताचा भाग आहे, बऱ्याच जणांना आवडते. यात मॅगझिन डिस्कनेक्ट आहे. मॅगझिन आत नसेल तर ट्रिगर काम करत नाही. ऐकायला छान वाटतं. पण माझी भीती अशी की माणूस शिकतो "मॅगझिन काढलं की झालं", आणि मग तोच माणूस दुसऱ्या कोणाचं पिस्तूल हातात घेतो ज्यात ही सोय नाही, मॅगझिन काढतो, चेंबरमधली एक गोळी विसरतो. मॅगझिन काढणं म्हणजे पिस्तूल रिकामं करणं नव्हे, हे मला नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं, कारण बहुतेकांचा समज तोच असतो. क्रमही महत्त्वाचा. आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे. उलटं केलंत तर बोल्ट मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये भरतो आणि तुम्ही मॅगझिन काढून रिकामं म्हणून खाली ठेवता.

मार्क ३ मध्ये चेंबर भरलेलं आहे हे दाखवणारी एक पट्टी होती, मार्क ४ मध्ये ती काढून टाकली. काहींना वाईट वाटलं, मला नाही. डोळ्याने बघा, बोट घाला, परत बघा. आणि मग पिवळा प्लास्टिकचा चेंबर फ्लॅग घाला, म्हणजे चेंबर रिकामं आहे हे लांबून रेंज ऑफिसरलाही दिसतं.

हे सगळं मला ज्या सरांनी शिकवलं ते पहिल्या दिवशी अडीच तास पिस्तूल हातातच देत नव्हते. जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षकाचे ते चार नियम सगळ्या जगात शिकवतात, बंदूक कायम भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, टार्गेट काय आणि त्याच्या मागे काय हे माहीत असायला हवं. मी पाठ करून म्हणून दाखवले. सर म्हणाले, "ताई, पाठ नको, हाताला येऊ दे." मग टेबलावर निळं रबरी पिस्तूल ठेवलं आणि उचल, ठेव, उचल, ठेव, पन्नास वेळा. बोट दर वेळी आपोआप ट्रिगरवर जायचं. माणसाच्या हाताची ठेवणच तशी आहे, मूठ वळली की बोट आत जातं. ते बोट सरळ वर फ्रेमवर ठेवायला मला तीन आठवडे लागले. आता मी भिंतीला होल पाडायचं ड्रिल मशीन उचलते तरी बोट बाहेरच राहतं.

गरम पुंगळीबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. पिस्तुलातून काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, रेंजवर बाजूला पार्टिशन असेल तर त्याला आपटून आपल्याच अंगावर येते, आणि ती चटका बसेल एवढी गरम असते. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वेळी एक कॉलरमध्ये शिरली. माणूस अशा वेळी उड्या मारतो, हात झटकतो, मागे वळतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं! सरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, भाजलं तर भाजू दे, नळी पुढेच. भाजलं. छोटासा फोड आला, चार दिवसांत गेला. नळी पुढेच राहिली. तेव्हापासून गळा बंद असलेला शर्ट आणि पुढे झडप असलेली टोपी, आणि चष्म्यावर सेफ्टी गॉगल, याच्याशिवाय मी रेषेवर उभी राहत नाही. गॉगल आणि कपाळ यांच्यातली फट टोपीने झाकली जाते, पुंगळी नेमकी तिथेच घुसते.

कानांचं सांगते. पॉइंट २२ चा आवाज "फट्ट" एवढाच वाटतो, पण पिस्तुलाची नळी छोटी असल्याने तो १५० डेसिबलच्या घरात जातो. क्षणिक आवाजासाठी १४० च्या वर धोका धरतात आणि कानाचं गेलेलं परत येत नाही. मी आत फोमचे प्लग आणि वरून इलेक्ट्रॉनिक मफ (कान झाकणारे, हेडफोनसारखे) वापरते. इलेक्ट्रॉनिक यासाठी की दणका दाबला जातो आणि माणसांचं बोलणं मोठं ऐकू येतं, "सीज फायर" (गोळीबार थांबवा) ओरडलेलं एका क्षणात कळतं. नुसते प्लग घालून उभ्या असलेल्या माणसाला तीन वेळा ओरडावं लागलेलं मी पाहिलंय. आणि दुहेरी कान झाकले की दचकणं निम्मं होतं, ते माझ्यापुरतं तरी खात्रीने सांगते.

दचकण्यावरून आठवलं. स्वस्तातल्या डब्यातल्या गोळ्या वापरल्या की शंभरात एखादी फुसकी निघतेच, हा पिस्तुलाचा दोष नाही, पॉइंट २२ मध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेला सगळीकडे फिरवून बसवलेला असतो आणि एखाद्या ठिकाणी पोचत नाही. ट्रिगर दाबला, "टक", काहीच नाही. तेव्हा नळी पुढे धरून तीस सेकंद तसंच थांबायचं, कारण कधी कधी ती उशिरा पेटते. तर माझ्या पहिल्या फुसक्या गोळीला, गोळी उडालीच नाही तरी नळी चांगली दोन बोटं खाली झुकली. म्हणजे मी आवाज यायच्या आधीच पिस्तूल खाली ढकलत होते आणि खालच्या भोकांसाठी नेम धरायच्या बिचाऱ्या साइटला दोष देऊन तिचे स्क्रू फिरवत होते. तेव्हापासून मॅगझिनमध्ये मधेच एक-दोन डमी गोळ्या दुसऱ्याकडून भरून घेते, कुठे आहे ते मला माहीत नसतं. याच्यासारखा सराव नाही. आणि एक वेगळा प्रकार, "फट्ट" ऐवजी "फुस्स" असा दबका आवाज आला तर लगेच थांबा, बंद करा, रिकामं करा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते. पटापट मारणाऱ्यांना हे कळत नाही म्हणून मी नवशिक्यांना पटापट मारू देत नाही.

आता आनंदाचं. कसं सांगू. मी आयुष्यात कधी खेळात नव्हते. चाळिशीनंतर जवळचं दिसेना, आणि इथे सगळा खेळ पुढच्या साइटचा आहे. मागची खाच, पुढचा खुंट आणि टार्गेट, तीन अंतरावरच्या तीन गोष्टी, डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो, आणि स्पष्ट बघायचा तो खुंट. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. हे मनाला पटतच नाही, कारण मारायचं तर तिकडे असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून हात लांब केल्यावर खुंट दिसेल अशा नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला आणि पहिल्यांदा त्या खुंटाची वरची कड ब्लेडसारखी दिसली ना, तो दिवस मला आठवतो. खुंट हलतोय, हात कोणाचाच स्थिर नसतो, हलू द्यायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि ट्रिगरवर वजन वाढवत न्यायचं, वाढवत न्यायचं, कधी सुटेल ते आपल्यालाही नेमकं माहीत नको. सुटली की कागदाकडे बघायच्या आधी स्वतःला सांगायचं, "उजवीकडे, थोडी वर". मग बघायचं. जेव्हा सांगितलं तिथेच भोक निघतं तेव्हा ते दहा गुणांच्या वर्तुळाबाहेर असलं तरी इतकं बरं वाटतं. त्या पाच-सात सेकंदांत घरचं, ऑफिसचं, काहीही डोक्यात राहू शकत नाही, जागाच नसते.

या पिस्तुलाला त्यासाठी मला पूर्ण मार्क द्यावेसे वाटतात कारण यात नळी आणि साइट एकाच न हलणाऱ्या भागावर आहेत, आत फक्त बोल्ट मागेपुढे होतो, त्यामुळे साइट एकदा बसवली की बसली. मागची साइट क्लिक-क्लिक करून वरखाली, डावीउजवीकडे होते. ट्रिगर मला आधी जरा जड वाटला, आता हाताला सवय झालीये. ऑलिम्पिकमध्ये २५ मीटरला वापरतात ती पिस्तुलं वेगळ्याच वर्गातली असतात, हाताच्या मापाची लाकडी मूठ वगैरे. तिथे सावकाश नेम धरून मारायच्या फेरीत दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, मी दहा मीटरवरून तेवढ्यात दहापैकी आठ ठेवते कधी कधी, आणि तेवढ्यावर खूश आहे. दहा-दहाची दोन मॅगझिन सोबत येतात, पुरतात. मी पाचच भरते, दहा भरल्या की सहाव्यानंतर लक्ष पातळ होतं.

घरी कोरडा, म्हणजे गोळीशिवाय, सराव करता येतो, हाही मोठा फायदा. बऱ्याच पॉइंट २२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबू नये म्हणतात कारण गोळी पेटवणारी पिन चेंबरच्या कडेवर आपटते, यात पिनला अडवणारी एक आडवी पिन आहे म्हणून चालतं. पण बोल्ट आतून खोललात तर ती आडवी पिन परत घालायला विसरू नका, नाहीतर चेंबरची कड ठेचली जाईल. आणि ते मॅगझिन डिस्कनेक्ट इथे परत आडवं येतं, रिकामं मॅगझिन घातल्याशिवाय सराव होत नाही. म्हणून माझ्याकडे नियम आहे, गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. मॅगझिन उलटं धरून रिकामं बघायचं, चेंबर बघायचं, नेम जाड भिंतीवरच. पंधरा मिनिटं झाली की मोठ्याने "संपलं" म्हणायचं आणि पिस्तूल लगेच तिजोरीत. "अजून एकदाच" हे कधीच नाही, कारण तेवढ्यात फोन येतो, कोणी हाक मारतं, आणि परत आल्यावर काय भरलंय काय नाही हे नुसतं आठवणीवर राहतं.

रेंजवरून आल्यावर आधी हात-तोंड थंड पाण्याने साबण लावून धुवा, मगच काही खा. गोळीचं शिसं आणि प्रायमरमधलं (त्या पेटणाऱ्या मसाल्यातलं) शिसं हातावर, कपड्यांवर बसतं. कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट.

गेल्या महिन्यात भाचा आला होता, चोवीस वर्षांचा आहे, खूप दिवस मागे लागला होता, "मावशी, ने ना एकदा". पहिला तास मी त्याला निळं रबरीच दिलं, कंटाळला, पण केलं त्याने. मग खरं, मॅगझिनमध्ये एकच गोळी. एक मारली, थांबला. परत एक. मग दोन. मग पाच. पाचवीनंतर बोल्ट मागे अडकून राहिला, मी काही बोलणार इतक्यात त्याने मॅगझिन काढून ठेवलं, नळी पुढेच ठेवून चेंबर माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "मावशी, बघ, रिकामं आहे ना?" मी बघितलं, बोट घातलं, मग त्याला परत बघायला लावलं. कागदावर पाचपैकी तीन भोकं एकमेकांना चिकटलेली होती. तो कागद त्याने दुमडू नये म्हणून गुंडाळी करून नेला, आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पाच गोळ्या लिहिल्यात.